हिरव्यावरचं घर

एल्मेर : "हिरव्यावर घर नको, हिरवं पाण्याचं असतं." असं मामाय म्हणाली होती की नव्हती, वहिनी?

मी : म्हणाल्या होत्या.

एल्मेर : आणि तुम्ही काय म्हणालात?

मी : सातवा महिना होता मला. टेकडीवर रोज दोन बादल्या पाणी कोण चढवणार, म्हटलं. हसून म्हटलं.

एल्मेर : हसून! आणि तायताय लगेच पायनांगर खांद्यावर टाकून निघाले. पोटच्या पोराला कधी साधं कुंपण घालून दिलं नाही या बापानं. सुनेला तीन आठवड्यांत घर. तेही इथल्याच पाणथळ कुरणाची माती मुळांसकट कापून, ठोकळ्यावर ठोकळा.

सातुर्निना : तोंड कमी चालव. तो ठोकळा उलटा बसलाय. मुळं खाली हवीत.

एल्मेर : हे घ्या. मुळं खाली. आख्खं घर चर बुजवण्यात चाललंय आणि हिला मुळांची पडलीये.

मी : मामाय, वावाला माझ्याकडे द्या. श्वास घेते ना ती?

सातुर्निना : मघाशी विचारलंस तेव्हाही घेत होती. माझ्या पाठीवर झोपलीये, झोपू दे.

एल्मेर : खिडकीकडची भिंत संपली. आता चुलीकडची पाडू?

मी : पाडा.

एल्मेर : नीट विचार करा हं. छत गेलंच आहे. ही गेली की फक्त दार उभं राहील. पाहुणे आले तर वाजवायला.

सातुर्निना : ती माझ्याकडे राहील. वरचं घर दगडाचं आहे, कोरडं आहे.

मी : तिथं धूर असतो, मामाय.

सातुर्निना : धुरात मी पाच पोरं वाढवली.

मी : सात झाली होती ना तुम्हाला?

सातुर्निना : हो. सात.

एल्मेर : इंजिनिअरबाई, ते जाऊ द्या. मला एक सांगा. पुनोच्या कॉलेजात तीन वर्षं माती शिकलात. चर खणायच्या आधी इथं खड्डा घेऊन वहीत काहीतरी लिहिलं होतंत. मला वाचूनही दाखवलंत. मी मान डोलावली, कळलं काही नव्हतं.

मी : "वर हातभर काळा थर, न कुजलेल्या मुळांचा. खाली निळसर राखाडी चिकण, त्यात गंजाचे ठिपके. सडक्या अंड्यासारखा वास. बारा महिने पाणी. निचरा नाही. रात्री गोठून फुगते."

एल्मेर : पाठ आहे की! म्हणजे काय पण?

मी : म्हणजे मातीत हवा नाही. ती गुदमरतेय, असं म्हटलं होतं मी.

सातुर्निना : मला वाटलं, पोरीबद्दल बोलतेयस.

मी : मलाही तेव्हा दोन्ही एकच वाटायचं. जमीन फुगली की दार अडकायचं. अंथरुणाखाली हात घातला तर ओल. ती खोकायला लागली की मी मोजत बसायचे. एकदा एकशे चाळीसपर्यंत मोजलं.

सातुर्निना : चर खणून पाणी काढलं आणि खोकला गेला.

मी : गेला.

सातुर्निना : तेवढं खरं आहे. ते कुणी नाकारत नाही.

एल्मेर : चाळीस पावलं लांब, कमरेइतका खोल. दोन दिवसांत! मामायनं चुन्यो, ते गोठवून वाळवलेले बटाटे, घातलेलं सूप आणून दिलं, भांडं घेऊन परत गेली. एक शब्द नाही.

मी : का नाही बोललात तेव्हा?

सातुर्निना : एकदा बोलले होते.

मी : मे महिन्यात हिरव्यावर पहिली भेग दिसली तेव्हा मी तिच्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत सगळं कोरडं. तपकिरीसारखी भुकटी हाताला लागली.

एल्मेर : आणि आल्पाका काठावर उभे. मऊ, ओलं खाणारी जात ती. पिवळं गवत चघळून चघळून बरगड्या दिसायला लागल्या. माझ्याकडे असे बघायचे जसं मीच सगळं हिरवं खाल्लंय.

सातुर्निना : तूच खणलंस.

एल्मेर : मी खणलं, वहिनींनी सांगितलं, तायतायांनी घर इथं बांधलं, रुफोदादानं कॉलेजातली बायको केली. चौघांत वाटून घेऊ.

मी : रुफोला फोनवर सांगितलं मी. खाणीत आवाज फार होता. "बरं" म्हणाला.

एल्मेर : आता हे बघा. भिंतीचे सगळे ठोकळे घातले, वरून पाणी सोडलं, तरी ते आपलं वरून ओघळून जातंय. आत शिरायचं नाव नाही.

मी : ही मुळांची माती एकदा पुरती वाळली की पाणी पीत नाही. परीक्षेत आलं होतं. मी बरोबर उत्तर लिहिलं होतं.

सातुर्निना : पीत नसेल तर तुडवायचं. चपला काढ.

मी : बर्फाचे तुकडे आहेत त्यात.

सातुर्निना : थोड्या वेळानं पायाला कळेनासं होतं.

मी : झालं.

सातुर्निना : मग तुडव. टाच दाबून. आल्पाका असते तर त्यांनीच केलं असतं.

एल्मेर : घर पाडल्याचं कळलं तर तायताय मला पायनांगरानं हाणतील.

मी : रविवारी वर गेलात तेव्हा काय म्हणाले ते? पुन्हा सांगा.

एल्मेर : चार वेळा सांगितलं, वहिनी.

मी : पाचव्यांदा सांगा.

एल्मेर : पुकाकुंका खिंडीच्या पलीकडे, लाल कड्याखाली जनावरांच्या वाडग्यात आहेत. साठच्या साठ जनावरं धड आहेत. स्वतः बसूनच होते. मी म्हटलं, खाली चला, सत्तरीतल्या माणसानं इतक्या उंचावर एकटं राहायचं नसतं. म्हणाले, "खाली आणून यांना काय चारू? पाणी उभं राहिलं की कळव. आणि पोरीचं वर्ष होईपर्यंत घराला हात लावू नका."

मी : बोलताना थांबत होते?

एल्मेर : दर दोन शब्दांना.

मी : ओठ?

एल्मेर : थंडी होती हो. तिथं माझेही ओठ निळे झाले होते.

सातुर्निना : मंगळवारी बर्फ पडलं.

एल्मेर : पडलं. बुधवारी निघालो तर मोटारसायकल खिंडीच्या अलीकडेच रुतली. कमरेपर्यंत बर्फ. ढकलत ढकलत परत आणली.

सातुर्निना : रोज सकाळी खिंडीच्या वर धूर दिसायचा. दोन दिवस नाही.

एल्मेर : ढग असतील.

सातुर्निना : आज ढग नव्हते.

एल्मेर : मग लेंड्या भिजल्या असतील. पेटत नसतील.

सातुर्निना : असेल.

मी : मी जाते.

सातुर्निना : अंगावर पिणारं लेकरू घेऊन? की ठेवून?

मी : मग कोण जाणार?

सातुर्निना : माझे गुडघे तू बघितलेस.

एल्मेर : बर्फ जरा बसलं की मी. सोमवारी जातोच. पलीकडच्या उतारावर बर्फ कमी असतं, लोकर उचलायला शनिवारचा ट्रक तिकडूनच जातो. पण ट्रकवाल्यांना सांगणार कसं? तिथं फोन लागत नाही.

सातुर्निना : नाय्दा, हलू नकोस.

मी : काय झालं?

सातुर्निना : पायाखाली बघ. पाणी वाहत नाहीये.

एल्मेर : थांबलं की! थांबलं, मामाय! चार बोटं आहे. संध्याकाळपर्यंत वीतभर होईल!

सातुर्निना : ओरडू नको, वावा उठेल.

मी : सगळं पुन्हा हिरवं व्हायला किती दिवस लागतील?

सातुर्निना : दिवस नाही. हिच्या लेकीला लेक होईल तोवर. पण वरचा काठ अजून जिवंत आहे. पाणी असंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत तिथं साठ जनावरं कशीबशी चरतील.

मी : म्हणजे त्यांना आता खाली यायला हरकत नाही.

सातुर्निना : कळलं तर.

मी : (हे वाचणाऱ्याला) शनिवारच्या ट्रकनं तुमच्यापैकी कुणी त्या बाजूनं जाणार असेल, तर लाल कड्याखाली उतरा. दगडी वाडगं रस्त्यावरूनच दिसतं. माझे सासरे, मेलितोन वांका. अंगात तपकिरी पोंचो असेल, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यांना सांगा, पाणी उभं राहिलंय, जनावरं घेऊन खाली या. घराचं विचारलं तर घर ठीक आहे म्हणा. पोरीचं विचारलं तर ती खोकत नाही, हे खरं आहे. हाक मारल्यावर ते लगेच उत्तर देत नाहीत. थोडं थांबा. मग आत जा.