बारा सुरांचा रशियन आणि गुरुजींचा गांधार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष शरणबसप्पा अण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, शाळेतून आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कल्याणप्पा गुरुजी, पार्वतम्मा काकू आणि समोर बसलेल्या समस्त मुरुमकर मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी भागवत. आठवीतून पळालेला. बोलायला उभा राहिलो तरी पाय एका जागी ठरत न्हाईत, तेवढं चालवून घ्या. सध्या बंगळुरूला पियानो दुरुस्तीच्या दुकानात असतो. गुरुजींनी पेटीचे सूर लावायला शिकवलं, त्यावरच तिथं पोट भरतं. "षड्जाबरोबर गांधार निवांत बसला पाहिजे, केसभर उतरव त्याला," हे त्यांचं सांगणं.

मागच्या महिन्यात मालक आजारी पडले. पुण्याच्या एका मॅडमचा कार्यक्रम होता, पियानो मी एकट्यानं लावला. आणि काय केलं असेल? सवयीनं सगळे गांधार केसभर उतरवून ठेवले!

मॅडम सरावाला बसल्या. शंभर वर्षांपूर्वी एका रशियन माणसानं एकट्या पियानोसाठी लिहिलेली रचना. कागद बघितला, तर ओळी मधेच तुटलेल्या, पुढं कोरं, परत ओळ. पेरताना पाभरीचा नळा तुंबला की बी न पडता तासात मधेच जागा सुटतात, तसं. वाजवायला लागल्या तर बाराही सूर एकदम अंगावर! मला वाटलं, तार तुटली. त्या मात्र गांधारावर थांबल्या.

"हा कुणी बिघडवला?"

"बिघडवला न्हाय मॅडम, गोड केलाय."

"अरे, ह्या रचनेत षड्जच नाही. कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. तू एकाचे लाड केलेस, अकरा रुसून बसले. दोन तासांत नीट कर, नाहीतर मालकांना फोन लावते."

एकेक तार पुन्हा ओढली. नोकरी वाचली. पण मंडळी, गुरुजींचा गांधार म्या माझ्या हातानं पुसला की! हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? आता मला शिष्य म्हणतील का? हीच धास्ती घेऊन काल त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली आणि मोबाइलवर ती रचना लावली.

काकू भाकरी तव्यावर सोडून बाहेर आल्या. "अय्यो, भांड्यांची मांडणी पडली व्हय?"

गुरुजींनी नुसता हात वर केला. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." तीनदा ऐकलं.

"षड्ज खरंच न्हाय रे ह्यात," ते म्हणाले. "तू केलंस ते बरोबर."

"रागावला न्हाईत?"

"रागावलोय तर! अडतीस वर्षं पेट्या लावल्या, पण बारा सूर सारखे लावून कधी बघितले न्हाईत. तुला येतंय, तर मला दाखवायचं सोडून माफी मागत बसलास व्हय?"

निवृत्तीनंतर गुरुजी काय करणार, असं मघाशी अण्णांनी विचारलं. अण्णा, परवा ते माझ्याबरोबर बंगळुरूला येतायत, पंधरा दिवस. मालकांना कळवलंय : नवा माणूस येतोय, वय अठ्ठावन्न, कान पक्का, पहिले चार दिवस सगळे गांधार उतरवून ठेवील, सांभाळून घ्या.

मला इथं बोलू दिलंत, आयोजकांचे मनापासून आभार. चार शब्द वेडेवाकडे गेले असतील तर गावचं पोरगं म्हणून पोटात घाला. आणि काकू, तिकडं गारवा असतो, गुरुजींच्या पिशवीत स्वेटर तेवढा टाका.