चमकीवरची लाल कडा

थाप वाटेल, पण माझ्या कॅमेऱ्याने काकांचा संसार सुधारला. डोळे अधू झाले, फोकस जमेना, म्हणून त्यांनी देवळांचे फोटो काढणं सोडलं होतं. तलकाडच्या देवळात मी त्यांचीच जुनी लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवून दिली.

"रिंग फिरवा. जे स्पष्ट होईल, त्याला पडद्यावर लाल कडा येते."

"आली. खांबाला."

"अय्यो, पुन्हा खांबच," समोर उभी काकू म्हणाली. "जन्मभर यांची देवळं स्पष्ट आणि मी धूसर."

काकांनी रिंग हळूच फिरवली. "आता तुझ्या नाकातल्या चमकीला आली. हलू नकोस."

फोटो निघाला. काका माझा हात सोडेनात. काकूने फोटो निरखला, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"देव तुझं भलं करो. आता तेवढी ती लाल कडा यांच्या चष्म्याला बसवून दे."