बिननावाचं पाणी

ऐका गो पोरींनो, ऐका रे. तो मोबाईल पालथा घाल आधी. भुताला उजेड लागत नाही आणि मलाही नाही.

आपल्या सड्याखालचं, या कातळाच्या माळाखालचं, उन्हाळं ठाऊक आहे ना? गरम पाण्याचं कुंड? तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून सोडा, सुपारी चघळून होईतो भात तयार. माझा नातू शिकलेला. तो म्हणतो, पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरतं, पिढ्यान् पिढ्या तिथं राहतं, तापतं आणि वर येतं. बरोबर आहे त्याचं. पण त्याच्याही खूप खाली, म्हणे, दगडाच्या आतच मुरलेलं पाणी आहे, समुद्र कमी पडेल इतकं, आणि ते कुणी बघितलेलं नाही. मी म्हटलं, बाळा, ते मला नको शिकवू. ते वर आलं होतं. एकदा.

श्रावण होता. आठ दिवस पाऊस खळला नव्हता. सड्यावर एकच घर, आणि त्या घरात बाळंतीण. दुपारी पोर झाली, सातमाशी. एवढीशी! निळी पडलेली, गार. रडेना. आणि संध्याकाळी मागची भिंत चुलीवर बसली. लाकडं भिजलेली, काडेपेटीचा चिखल. पऱ्ह्याला पूर, वाडीत जायची सोय नाही. आता पोरीला ऊब द्यायची कशी?

सुईण होती सुंदरा. नावाची सुंदरा, पण तोंडाची फाटकी! साप दिसला तरी आधी शिवी द्यायची, मग काठी शोधायची. ती म्हणाली, "उन्हाळ्यावर जाते. दोन कळशा गरम पाणी आणते, पोरीला मधे ठेवू."

बाळंतिणीच्या सासूने तिचा हात धरला. "सुंदरे, दिवेलागण झाली. आता कुंडावर जात नाहीत."

"मग पोरीला सांग, सकाळपर्यंत थांब म्हणून!"

आणि निघाली. डोक्यावर इरलं, कमरेला दोर, दोन हातांत दोन तांब्याच्या कळशा.

अर्धी वाट गेली आणि मागे पावलं. चप्प, चप्प. ही थांबली की तीही थांबायची. वळून बघते तर कुणी नाही. कातळावर नुसते ठसे, आणि एकेका ठशातून वाफ! सुंदरा म्हणाली, "मागून काय येतोस मेल्या? पुढे हो, वाट दाखव!" पावलं गप्प.

कुंडाशी पोचली. एक कळशी काठावर ठेवली, दुसरी दोराला बांधून सोडली. पाणी हातभर खाली. दोर सोडला, पाणी आणखी खाली. भर श्रावणात कुंड आटतंय! दोर संपला. ती ओणवी झाली. तेवढ्यात आतून आवाज आला, मऊ, अगदी घरच्या माणसाचा. "आणखी वीतभर, सुंदरे. आणखी वीतभर वाक."

हं, इथेच माणूस जातो बघा. पण हिने काठावरच्या काळ्या धोंड्याला पाय अडकवला आणि म्हणाली, "मी नाही वाकायची. तू वर ये!"

आणि आलं की! भसकन पाणी वर आलं, वाफेचा लोट उठला, आणि वाफेत कुणीतरी. नदीतला गिऱ्हा नव्हे हो. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेला माणूस. हे कधी माणूस नव्हतंच. त्याने तिचं मनगट धरलं. चर्र! कातडी भाजली.

"पाणी कुणासाठी?"

"आज झालेल्या पोरीसाठी."

"नाव काय तिचं?"

आता सांगा! बारसं बाराव्या दिवशी. नाव ठेवणार आत्या. पोर तर दुपारची. कुठलं नाव सांगणार? ते हसलं. "मलाही नाव नाही. डोंगर नव्हते तेव्हापासून मी खाली आहे, मला कुणी हाक मारली नाही. बिननावाचं ते सगळं माझं. ने पाणी. उजाडायच्या आत पोर माझ्याकडे येईल."

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. सुंदरा पेटली! "तुझी? आईने पोटात वाढवली, मी या हातांनी सोडवली, आणि तुझी? रिवाज गेला चुलीत! आत्या रुसली तर रुसू दे. मी ठेवते नाव!"

पण कुठलं? पायाखाली काय होतं? तो धोंडा. त्या कुंडात भात शिजतो, अंडं शिजतं. तो धोंडा किती पिढ्या अर्धा उकळत्या पाण्यात बसलाय, शिजला नाही. ती ओरडली, "धोंडी! तिचं नाव धोंडी! उकळ किती उकळायचं ते! धोंडी! धोंडी!"

सड्यावर नाव घुमलं. मनगट सुटलं. कुंड खाली बसलं, पण वर आलेल्या पाण्याने दोन्ही कळशा काठोकाठ भरल्या होत्या. त्या उचलून सुंदरा जी सुटली! वाटभर मागून हाक, "कोण गेलं? कोण गेलं?" आणि वाटभर ही ओरडतेय, "धोंडीची सुईण गेली!"

पोरीला कळशांच्या मधे ठेवली. पहाटे रडली. अशी रडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

हसताय काय रे? हो, मीच ती. आत्या दोन वर्षं बोलली नाही आमच्या घराशी. शाळेत मास्तर हसले. लग्नात नाव बदलायला ताटात तांदूळ पसरले, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "अंगठी ठेवा खाली. माझं नाव फुकटचं नाही." सुंदराच्या मनगटावर चार बोटांचे डाग मरेपर्यंत होते. बांगड्या मागे सारून सगळ्यांना दाखवायची.

तेव्हा दिवेलागणीनंतर त्या वाटेला जायचं नाही. सांगून ठेवते. घरात बारसं न झालेलं बाळ असेल तर मुळीच नाही.

मी? मी जाते. दर श्रावणात, काठी टेकत. त्याच धोंड्यावर पाय ठेवते, वाकत नाही, आणि हाक मारते, "धोंडी आलेय रे! ऐंशीची झाले! शिजले का बघ!"

खालून नुसता एक बुडबुडा येतो.