कांद्याला वारा, आम्हाला स्लॅब

माझं माहेर देवळ्याचं, सासर लासलगावच्या अलीकडं एका खेड्यात. आमचे हे कांद्याच्या चाळी बांधायचे, आसपासच्या गावांत त्यांच्याच हातच्या चाळी. कांदा साठवायचं ते लांबट घर, जमिनीपासून वर उचललेलं, फटीफटींच्या भिंतींचं, कारण खालून-बाजूनं वारा खेळला नाय तर कांदा घामेजतो, सडतो. हे आधी जागेवर उभे राहायचे, चिमूटभर माती सोडायचे, ती कुठं उडती ते बघायचे, मगच खुणा मारायचे. मी म्हणायची, वारा काय तुम्हाला पत्र धाडतो का?

आन्‌ मी कशी व्हते, काय सांगू तुम्हाला, आमचं घर बांधायचं ठरलं तशी मी पंतप्रधानच झाले. स्लॅब पाहिजे, चकचकीत फरशी पाहिजे, शोकेस पाहिजे, त्यात काचेची बदकं पाहिजेत. बदकं हो! ह्यांना दम्याचा त्रास. ते म्हणाले, अगं पश्चिमेला मोठी खिडकी ठेवू, वरती झरोके ठेवू गरम हवा जायला, आन्‌ दारचा कडूलिंब राहू दे, भिंतीवर सावली पडती. मी म्हणाले, खिडकीतून धूळ येती, लिंबाचा पाला फरशीवर पडतो, आन्‌ झरोके कशाला, आपण माणसं का कांदे? गवंडी हसले, हेबी हसले. लिंब मी स्वतः उभी राहून तोडवला, कंबरेवर हात ठेवून, मोठी शहाणी.

पहिल्याच उन्हाळ्यात घराची भट्टी झाली, पावसाळ्यात भिंतींना ओल आली, बुरशीचा वास, आन्‌ ह्यांचा खोकला थांबंना. मग त्यांनी खाट उचलली आन्‌ आमच्या चाळीत नेऊन टाकली. तिथं त्यांना श्वास बरा लागायचा. मी गावभर सांगत फिरले, आमच्या मालकांना फरशी सोसत नाय.

पुढच्या वैशाखात माझी बहीण सिन्नरहून राहायला आली. तिचा तिकडं बंगला. नवरा कांद्यात झोपतो हे तिला दिसलं तर, ह्याचीच मला लाज. मी म्हणाले, अहो, आठ दिवस घरात झोपा, माझी लाज राखा. ते नाय म्हणाले नाहीत. हेच तर, कधीच नाय म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी भर दुपारी धाप लागली, जीपनं दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, बाई, छाती जुनीच खराब व्हती, घरावर कशाला खापर फोडता. त्यांनी समजूत घातली, मी घालून घेतली नाय.

आता नात नाशिकला घरं आखायचं शिकली. मागच्या वर्षी तिनं अंगणात मला खोली बांधली, मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, उंच कौलं, समोरासमोर खिडक्या. मी म्हणाले, कॉलेजात शिकवतात व्हय हे? ती म्हणाली, कॉलेजात कुठं आजी, आजोबांच्या जुन्या चाळी फिरून फिरून मोजल्या मी. मी कांदा चिरत व्हते, बरं झालं, रडू त्याच्यावर ढकलता आलं.

त्या खोलीत वैशाखातबी गारवा राहतो. दुपारी पडले की झोप लागती, लय गाढ, लाज वाटावी अशी. जागी झाले की वाटतं, ही झोप त्यांची व्हती, मी घेतली. नात विचारती, आजी, लागली का गं झोप? मी म्हणते, लागली बाई, सुखी राहा. आन्‌ तोंड धुवायला उठते.