झावळीची काडी

माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही, सांगते काय! बोंडअळीच्या सालची गोष्ट, तेल्हाऱ्याची. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून घरच्या प्रार्थनेत बायबल वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली. येशू जिवंत उठला तो अध्याय शनिवारी चारदा वाचला अन् खूण म्हणून झावळ्यांच्या रविवारी चर्चात भेटलेल्या झावळीची काडी तिथंच घातली.

ईस्टरच्या सकाळी काडीवर बायबल उघडून वाचत गेली, त येशूले पुन्हा खिळे ठोकून राहिले! थांबावं का वाचावं, मले काही सुचेना.

माझी सासू मार्थाबाई रडायले लागली. "अवं, परवाच त मारला! आज पुन्हा कावून मारून राहिली?"

"काडी कोणी तरी हलवली," मी म्हटलं.

"वाचता येत नाही म्हण ना," नवरा म्हणे. "पुढच्या वर्षी पोरगीच वाचीन."

ते मले झोंबलं. "पुस्तकाले हात कोणी लावला?"

सासूनं डोळे पुसले. "सणाचं म्हणून मी धूळ झाडली. काडी पडली, त दिली खुपसून. सारं देवाचंच त आहे!"

मी पोरीकडे वळली. "आता तूच सांग, येशूले दुसऱ्यांदा कोणी मारलं?"

पोरगी म्हणे, "मार्था आजीनं."