परत आलेला नारळ

समुद्रावर माणसं आराम करायला जातात म्हणे. मी मात्र कुमट्याला दोन दिवस मुलीचं मनगट धरून बसले होते. चिंगी पाच वर्षांची, सारखी म्हणायची, "आई, फक्त पाय भिजवते ना."

"आधी ओटी भरू, मग."

आमच्या चिकोडीकडं माझी आई पोरांना नदीत उतरवायच्या आधी नदीची ओटी भरायची. म्हणून मी बसवनगुडीच्या घरातूनच नारळ नेला होता. शेवटच्या दिवशी हळदकुंकू लावून तो पाण्यात सोडला, तर लाटेनं परत माझ्या पायाशी आणून टाकला. तीनदा सोडला, तीनदा आला.

ह्यांना म्हटलं, "समुद्र घेत नाही. चला, बॅगा भरा."

"अगं, गाडी संध्याकाळी आहे."

आम्ही जिच्या घरी उतरलो होतो, ती अक्का जवळच शिंपल्या वेचत होती. तिनं नारळ उचलला. "तुमची नदी घेऊन जाते गं, समुद्र आणून देतो. आमचे पुरुष रोज आत जातात, रोज परत येतात." मग स्वल्प थांबून म्हणाली, "बहुतेक रोज."

तिनं ते लपवलं नाही, म्हणूनच मला धीर आला. मी चिंगीचं मनगट सोडलं अन् हात धरला. दोघी गुडघाभर पाण्यात जाऊन आलो.

तोवर अक्कानं दगडावर नारळ फोडला होता. "आलात ना दोघी परत? आता खा."