बांधापलीकडची बाग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन माननीय बापूसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, पुण्याहून आलेले प्राध्यापक अनिलकुमार, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या चंद्रव्वाकाकू, आणि मंद्रूपच्या बंधू-भगिनींनो,

निरोप समारंभ नोकरदाराचा होतो. शेतकरी रिटायर होतो कधी, सांगा बरं? म्हणून मघाशी काकूंना शाल घालताना आमचे हात अवघडले. मुलगा त्यांना पुण्याला नेतोय, हे चांगलंच आहे. शिवप्पाकाका गेल्यापासून त्या एकट्या राहतात. पण मला वाईट वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही.

आपल्यासारख्या देशात शेती कशानं वाढते, हे आत्ताच अनिलकुमारांनी सुरेख समजावलं. पाणी, बियाणं, रस्ता, बाजारपेठ. पटलं मला. फक्त सर, त्यात तुमच्या आईचं नाव तेवढं राहिलं. आम्ही शेतकरी मोठे संशयी. पुस्तक नंतर उघडतो, आधी शेजाऱ्याच्या रानात डोकावतो. आमच्या शिवारात डाळिंब पहिल्यांदा लावलं ते काकूंनी. त्यांनी ठिबकच्या नळ्या पसरल्या तेव्हा आम्ही बांधावर उभं राहून हसत होतो. फळ धरलं, तसे आम्हीही गुपचूप खड्डे घेतले.

मग एका पावसाळ्यात तेल्या रोग आला. फळावर तेलकट डाग पडायचे आणि फळ तडकायचं. पहिल्यांदा आला तो काकूंच्याच बागेत. फवारणी केली तर निम्मी बाग हाती लागेल, असं लोक सांगत होते. पण हा रोग वाऱ्या-पावसानं पसरतो, आणि वारं बांधापलीकडच्या माझ्या बागेकडं वाहत होतं. सकाळी बघतो, तर नवरा-बायको झाडं उपटून पेटवतायत. ओली झाडं, नुसता धूर. मी धावत गेलो. म्हटलं, "काकू, सोन्यासारखी बाग का जाळताय?"

"वारं तुज्याकडं हाय की रं, मल्लेश. माजी गेलीच. तुजी तरी ऱ्हाऊ दे."

आमच्या बागा राहिल्या. बांधाला ट्रक लागले, घरांवर स्लॅब चढले. काकूंनी परत डाळिंब लावलं नाही. ज्वारी पेरली, आणि हंगामात माझ्याच बागेत फळं तोडायला आल्या. कधी चकार शब्द काढला नाही. शिवप्पाकाका मात्र माझ्या बागेकडं पाठ करून बसायचे.

आता काकूंचं ते रान मी कसणार आहे. परवा काकू येऊन आमच्या उंबऱ्यावर टेकल्या. पाहुण्यांसाठी सांगतो, वेळ अमावस्येला आम्ही ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, घालतो आणि येईल त्याला जेवू घालतो. काकू म्हणाल्या, "येळ अमावस्येला माज्या रानात कोप घाल. आंबील शिंपड. ह्यांच्या नावानं एक पान वाढ. मी न्हाय म्हणून त्यांना उपाशी ठिऊ नगंस."

काकू, मी दोन पानं वाढीन. दुसरं तुमचं, आणि त्यावर जेवायला तुम्हीच यायचं.

मंडळींनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचे उपकार आहेत. एखादा शब्द इकडचा तिकडं झाला असेल तर घरचा माणूस म्हणून पोटात घाला. अनिलकुमार, तुम्हाला एक विनंती. जाताना गाडी रानाकडच्या रस्त्यानं घ्या. बांधापाशी आई 'थांब' म्हणतील. गाडी बंद करून थांबा.